थांबायला कोणी शिकवले?

कर्नाटकाच्या सीमाभागात, बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात एकाच आजाराला चार-पाच नावे आहेत. मराठी घरात अंगावरून वारे जाते, कन्नडात पार्श्ववायू होतो, दखनी बोलणाऱ्याकडे फालिज गिरतो आणि तेलुगू घरात पक्षवातम् म्हणतात. लकवा हा शब्द मात्र सगळ्यांचा सामाईक. मुळात तो अरबी, आणि युनानी वैद्यकात त्याचा अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच. अर्धे अंग जाण्याला हकीम फालिज म्हणत आणि हा भेद कसोशीने पाळत. आपल्याकडे येईपर्यंत दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. फालिजच्या धातूत दोन भाग करण्याचा अर्थ आहे, अर्धांगवायूत अर्धे अंग आहे, पक्षाघातात पक्ष म्हणजे कूस आहे. अरबस्तानापासून आंध्रापर्यंत सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली: माणसाची उभी दोन शकले होतात आणि त्यातले एक निकामी होते. निरीक्षण अचूक होते. पण या सगळ्या नावांत एक शब्द कुठेच नाही, तो म्हणजे मेंदू. नाव हाताचे, पायाचे, तोंडाचे आणि त्यांच्यातून जाणाऱ्या वाऱ्याचे. साहजिकच उपचारही हाताचा आणि पायाचा. तेल चोळायचे, शेक द्यायचा, गुंडाळून ठेवायचे. डोक्याच्या आत एक रक्तवाहिनी तुंबली आहे किंवा फुटली आहे आणि तिथे दर मिनिटाला काहीतरी कायमचे मरत आहे, हे सांगणारा शब्द या मुलखाच्या कुठल्याच भाषेने घडवला नाही. घडवायचे कारणही नव्हते, कारण ते ठाऊक असूनही काही करता येईल अशी सोय जगात कुठेच नव्हती.

सीमाभागातला रुग्ण उशिरा येतो, ही मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांची नेहमीची तक्रार आणि ती खरी आहे. तिचे नेहमीचे स्पष्टीकरण मात्र अर्धवट आहे. अडाणीपणा, अंधश्रद्धा, बेफिकिरी अशी तीन कारणे सांगितली की विषय संपतो. माझे म्हणणे असे की वारे गेल्यावर थांबायचे, ही या भागाने स्वतःहून काढलेली खोड नाही. ती शिकवण आहे, आणि ती देणाऱ्यांत वैद्य होते, हकीम होते आणि अगदी १९९५ पर्यंत पांढऱ्या कोटातला डॉक्टरही होता. धावा, असे सांगणारे शास्त्र जेमतेम तीस वर्षांचे आहे. ते आले तेव्हा धावायचे कुठे याचे उत्तर इथल्या रस्त्यांनी आणि सीमांनी आधीच अवघड करून ठेवले होते.

मागास हा शिक्का या भागावर इतका घट्ट बसला आहे की बीदरचे वैद्यकीय वय सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटते. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशाह याने पंधराव्या शतकाच्या मध्यात बीदरमध्ये दवाखाना उभारला. तिथे मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य दोघेही नेमले आणि औषधे व रुग्णांचे अन्न यांच्या खर्चासाठी गावांचा महसूल लावून दिला, अशी नोंद फिरिश्त्याच्या इतिहासात आहे. खर्चाची कायम तजवीज असलेले आणि दोन वैद्यकपरंपरा एका छपराखाली आणणारे इस्पितळ त्या काळी कुठल्याही राजधानीला भूषणच ठरले असते. महमूद गावानचा प्रसिद्ध मदरसा, १४७२ चा, त्यानंतरचा. या दोन्ही परंपरांनी पक्षाघाताचा खोलवर विचार केला होता. आयुर्वेदाने तो वाताच्या विकारांत घातला आणि स्नेहन, स्वेदन, विरेचन असा क्रम लावला. क्रमच असा की तो दिवसांनी आणि आठवड्यांनी मोजायचा. युनानी मत तर आणखी स्पष्ट होते. फालिजच्या पहिल्या काही दिवसांत तीव्र औषध देऊ नये, रुग्णाला मधाच्या पाण्यावर ठेवावे, दोष पिकू द्यावा आणि मग तो बाहेर काढावा. पहिल्या दिवसांत घाई करणारा हकीम कच्चा समजला जाई. यावर हसण्याचे कारण नाही. ज्या रोगात पहिल्या घटकेला काही करणे शक्य नाही आणि चुकीचे काही केले तर रुग्ण दगावू शकतो, तिथे थांबणे हीच शहाणपणाची वैद्यकी. महानारायण तेलाची बाटली घराघरांत पोचली ती या शहाणपणासकट.

पुढे निजामाचे राज्य आले. चिटगुप्पा पायगा अमिरांच्या जहागिरीत होते. कर कुठे भरायचा, न्याय कुठे मागायचा आणि मोठा आजार झाला तर कुठे जायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अखेरीस हैदराबादच्या दिशेने जात. हैदराबाद वैद्यकात मागे होते असेही नाही. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे की नाही, या वादावर १८८८-८९ मध्ये एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने अफजलगंज इस्पितळात जे प्रयोग झाले, त्यांच्यावरून लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांत वर्षानुवर्षे भांडणे झाली. ते इस्पितळ १९०८ च्या मुसीच्या पुरात गेले आणि पुढे त्याची जागा उस्मानिया इस्पितळाने घेतली. चारमिनारजवळ निजामिया युनानी इस्पितळही उभे राहिले. एका शहरात दोन्ही वैद्यके सरकारी खर्चाने चालत होती. पण चिटगुप्प्याहून बैलगाडीने, पुढे मोटारीने आणि रेल्वेने एखादा अर्धांगाचा रुग्ण तिथे नेलाच, तर डॉक्टरी इस्पितळात त्याला मिळे काय? खाट, कूस बदलणारी परिचारिका, लघवीची नळी आणि आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती. ऑपरेशनच्या टेबलावर जगाला वाद घालायला लावणारे शहर वाऱ्यापुढे हकीमाइतकेच हतबल होते. लंडन आणि पॅरिसही तसेच. रक्त काढणे, जळवा लावणे, जुलाब देणे हे युरोपातले उपचार मागे पडले आणि त्यांच्या जागी काहीही आले नाही.

अडचण उपचाराच्याही आधीची होती. जिवंत माणसाच्या डोक्यात रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे खात्रीने सांगण्याचे सोपे साधनच नव्हते. वेप्फर या स्विस वैद्याने सतराव्या शतकात शवविच्छेदन करून मेंदूतला रक्तस्राव दाखवला खरा, पण मेल्यावर. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा कवटी न उघडता आत पाहता येऊ लागले. मुंबईत नोशीर वाडियांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग १९५७ मध्येच उभा केला होता. पी. एम. दलाल यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि पुढे मुंबईतल्या एका वस्तीत २००५-०६ मध्ये केलेल्या नोंदणीतून वर्षाला लाखामागे १४५ नवे रुग्ण असा आकडा काढला. पण १९७० आणि ८० च्या दशकांत लहान गावातल्या डॉक्टरने काय करावे, याचे त्या शास्त्राकडेही धड उत्तर नव्हते. जे उत्तर होते ते कधीकधी घातक ठरले. रक्तदाब वाढलेला दिसला की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून थेंब जिभेखाली सोडायचे, ही त्या काळातली सर्रास रीत. तुंबलेल्या वाहिनीपलीकडच्या मेंदूला जे थोडे रक्त मिळत असते ते वाढलेल्या दाबाच्या जोरावरच. तो दाब एकदम पाडला की तेही थांबते. १९९० च्या दशकात ही रीत धोक्याची ठरवली गेली. वाऱ्याच्या रुग्णाला अंगारा लावणाऱ्याने त्याचे जितके नुकसान केले, त्याहून या थेंबांनी अधिक केले असावे असे मला वाटते, कारण अंगाऱ्याने रक्तदाब उतरत नाही.

मग एका शब्दाने चित्र पालटले आणि तो शब्द ग्रहणाचा आहे. १९८१ मध्ये आस्त्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या अशा भागाचे वर्णन केले जो रक्त कमी पडल्याने गप्प झाला आहे पण मेला नाही. त्याला त्यांनी पेनम्ब्रा म्हटले, म्हणजे पंचांगातली उपच्छाया. मधला काळोखा भाग गेलेला, भोवतालचा अंधूक भाग वाचवता येण्याजोगा, आणि काळोख दर मिनिटाला बाहेर सरकणारा. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये या सरकण्याचा हिशेब मांडला: मोठी वाहिनी तुंबलेल्या रुग्णाच्या सरासरी १९ लाख चेतापेशी मिनिटाला नष्ट होतात. त्याआधी, डिसेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज तीन तासांच्या आत दिले तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनी वाढते, हा त्याचा निष्कर्ष. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ पासून मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचे तंत्र सिद्ध झाले आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी ते चोवीस तासांपर्यंत उपयोगी ठरले. हजारो वर्षे दिवसांनी मोजलेला आजार अवघ्या एका पिढीत मिनिटांनी मोजावा लागू लागला. आज तातडीच्या कक्षात रुग्ण आला की पहिला प्रश्न नावाचा नसतो, तो असतो: शेवटचे ठीक कधी पाहिले होते? झोपेतून उठताना लक्षात आले असेल तर घड्याळ रात्री झोपताना सुरू झालेले धरतात. मग बोटातून रक्त घेऊन साखर पाहायची, कारण साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब असाच लुळा पडतो. रक्तदाब १८५-११० च्या खाली आहे का ते पाहायचे. आणि सीटी स्कॅन, ज्यात रक्तस्राव दिसला तर गुठळीचे औषध अजिबात द्यायचे नाही. हे सगळे करून दारातून आल्यापासून तासाभरात सुई टोचलेली असावी अशी अपेक्षा. रोगाची संकल्पनाच एवढी बदलली, आणि आपण अजून म्हणतो वारे गेले.

इथे कोणी म्हणेल की इतिहास सांगून अंधश्रद्धेला पांघरूण घालू नका. पारव्याचे रक्त लुळ्या अंगाला चोळणारे आजही आहेत. राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटीला सात दिवस मुक्काम करून फेऱ्या घालायला दूरदूरहून रुग्ण नेले जातात. धारवाड जिल्ह्यात कलघटगीकडे लकव्याच्या झाडपाल्यासाठी रांग लागते. हे तास वाया जातातच ना? जातात, यात वाद नाही. पण क्रम नीट पाहिला पाहिजे. या ठिकाणी लोक बहुधा पहिल्या तासात जात नाहीत. इस्पितळाने घरी न्या, मालिश करा, असे सांगितल्यावर जातात. आणि त्यातल्या कित्येकांना तिथे गुण येतो तो अशा काळात, जेव्हा मेंदू स्वतःच हळूहळू सावरत असतो. श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न मग श्रद्धेने सोडवला जातो. पहिल्या तासांत खरा अडथळा दुसराच असतो: या आजारात दुखत नाही. छातीत कळ आली की तोच माणूस, तेच घर, त्याच गावातून मध्यरात्री जीप काढते. हृदयाची गुठळी विरघळवता येते हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले आणि दहा-पंधरा वर्षांत हार्ट अटॅक हा शब्द शेतमजुराच्या तोंडी बसला. अंधश्रद्धा हेच मूळ असते तर तिने छातीची कळही देवऋष्याकडेच नेली असती. मेंदूची गुठळी बधिर करते. हात जड होतो, बोलणे अडखळते, आणि जरा पडून राहा, उतरेल, असा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो. कधीकधी खरोखर उतरतेही. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो, पण घरच्यांना तो थांबण्याच्या बाजूचा पुरावा वाटतो.

आता रस्त्यांकडे वळू, कारण हकीम आणि पारवा यांच्यावर जितके लिहिले जाते तितके नकाशावर लिहिले जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा बीदर जिल्ह्याचेही तीन झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये. कायद्याच्या कलमाने जहीराबाद तालुका आंध्राला देताना त्यातले निर्णा मंडळ तेवढे वगळून इकडे ठेवले. निर्णा आज चिटगुप्पा तालुक्यात आहे. एवढी बारीक कात्री भाषेसाठी चालवली गेली. आजारी माणूस कुठे जातो, हे कोणी विचारले नाही. एका रात्रीत चिटगुप्प्याचे राजधानीचे शहर दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या हैदराबादऐवजी सहा-सातशे किलोमीटरवरचे बंगळूर झाले. त्या तारखेला मुंबईत बीदर-भालकीसह महाराष्ट्र मागणाऱ्या घोषणा चालू होत्या. त्यांत शाळा आणि कारभाराची भाषा होती, इस्पितळ नव्हते. नंतर प्रादेशिक असमतोलावर २००२ मध्ये नंजुंडप्पा समितीचा अहवाल आला, या भागासाठी विशेष तरतुदी करणारे राज्यघटनेचे कलम ३७१ जे आले, २००७ च्या सुमारास बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्ण चालू झाला, पण तो हुमनाबादवरून जातो, चिटगुप्प्यावरून नाही. स्वतंत्र तालुका चिटगुप्प्याला मिळाला तोही त्याच सुमारास. पुणे-हैदराबाद महामार्ग तालुक्यातल्या मन्नाएखेळीवरून धावतो, म्हणजे मोठा रस्ता जवळ आहे. पण त्याच्यावरची दोन्ही बाजूंची मोठी शहरे, सोलापूर आणि हैदराबाद, दोन वेगळ्या राज्यांत आहेत. १०८ ची रुग्णवाहिका हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली, कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ रोजी, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. क्रमांक तिन्हीकडे एकच, सेवा तीन, आणि प्रत्येकीची धाव मुळात आपल्या राज्यातल्या इस्पितळाकडे. साडेचार तासांतून इस्पितळातला एक तास वजा केला तर साडेतीन उरतात. त्यात लक्षात येणे, ठरवणे, वाहन मिळणे आणि बीदर किंवा कलबुर्गी गाठणे बसवायचे. कागदावर ते सहज बसते. प्रत्यक्षात आधी तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागते, मग जिल्ह्याला पाठवतात, मग तिथून पुढच्या शहरात, आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळ सगळ्यांच्या समोर भिंतीवर असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे औषध सुईच्या टोकावरचा जुगार आहे, ते लहान गावात नेणे धोक्याचे, असे म्हणणारे डॉक्टर भित्रे नाहीत. १९९५ च्या त्याच प्रयोगात औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत ०.६ टक्के. हृदयासाठी चालणारे स्ट्रेप्टोकायनेज मेंदूसाठी वापरून पाहिले तेव्हा इतके मृत्यू झाले की ते प्रयोग मध्येच थांबवावे लागले. म्हणून सीटी स्कॅनशिवाय सुई नाही, हा नियम अढळ आहे. पण त्यातून लहान गावात काहीच करू नये, हा निष्कर्ष निघत नाही. हिमाचल प्रदेशात २०१४ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समधल्या पद्मा श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयांतून हेच औषध सरकारी खर्चाने दिले जाऊ लागले. तिथे मेंदूतज्ज्ञ नव्हता. फिजिशियन होता, स्कॅन होता आणि मोबाइलवरून चित्र पाहून सल्ला देणारा दूरचा तज्ज्ञ होता. हिमाचलचे घाट बीदरच्या सपाट काळ्या रानापेक्षा सोपे नाहीत. कर्नाटकानेही निम्मी वाट चालून दाखवली आहे. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने सुरू झालेल्या योजनेत हृदयविकारासाठी टेनेक्टेप्लेजचे महागडे इंजेक्शन तालुका रुग्णालयांत मोफत मिळते. हेच औषध मेंदूच्या गुठळीसाठीही भारतात वापरले जाते आणि ते पुण्यात तयार होते. तालुक्याच्या फ्रिजमध्ये कुपी आहे. छातीसाठी ती फोडायला कागदी पट्टीवरचा ईसीजी पुरतो, डोक्यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागते. दोन आजारांतले सगळे अंतर त्या यंत्रात आहे.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली गावेही त्यात होती. कर्नाटकाने तीव्र आक्षेप घेतला, सार्वभौमत्वाची भाषा झाली, दोन्ही विधिमंडळांत आवाज चढले. १९५६ नंतर सदुसष्ट वर्षांनी या वादात पहिल्यांदाच इस्पितळ मध्यभागी आले, एवढी त्याची ऐतिहासिक नोंद मी आवर्जून करीन. आले तेही ध्वजासारखे, सुईसारखे नाही. पैसे कोण भरणार यावर भांडण झाले. रुग्णवाहिका सीमा ओलांडून सर्वांत जवळच्या स्कॅनपर्यंत थेट जाईल का, हे कोणी विचारले नाही.

आणि भाषेचा प्रश्न इथे एका अनपेक्षित दाराने परत येतो. पक्षाघाताच्या तपासणीत बोलणे तपासावेच लागते: वस्तूचे नाव सांगा, वाक्य म्हणून दाखवा, हात वर करा. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी बोलणाऱ्या माणसाला यातले काय कुठल्या भाषेत विचारायचे? बंगळूरहून बदलून आलेल्या तरुण डॉक्टरने कन्नडात विचारले आणि उत्तर आले नाही, तर मेंदूतली वाचा गेली की आजीला घाईत कन्नड सुचले नाही, हे ठरवायला सोबत आलेला नातेवाईकच लागतो. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स इस्पितळातल्या पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांची आकलनशक्ती झटक्यानंतरही शाबूत राहिली होती, एकभाषकांत हे प्रमाण १९.६ टक्के. चिटगुप्प्यासारख्या गावाने शतकानुशतके सरहद्दीवर राहून जे फुकटात कमावले, ते असे एका तक्त्यात उतरले आहे. मात्र त्याच अभ्यासात वाचा जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले.